फवारणीचा निळा ड्रम

मित्रांनो, माझ्याजवळ येऊ नका. लांबूनच ऐका. वरूडजवळच्या एका संत्र्याच्या बगीच्यात आडवा पडलेला निळा प्लास्टिकचा ड्रम तो मी. खरं सांगायचं तर मला माझीच किळस येते.

ड्रम हे नाव इंग्रजांचं, पण आपल्याकडे घरोघरी रुळलेलं. बँडवाला गळ्यात अडकवून बडवतो तोही ड्रम, वॉशिंग मशीनमध्ये कपडे घेऊन गरगर फिरतो तोही ड्रम, आणि पोटात काहीही ओतून घेतो तो मी. त्या दोघांचं नशीब थोर. एकाच्या तालावर माणसं नाचतात, दुसऱ्याला रोज साबणाचा फेस मिळतो.

मी कारखान्यातून निघालो तेव्हा इतका चकचकीत होतो की माझा मलाच गर्व वाटे. पण पहिल्याच दिवशी पोटात उग्र रसायन भरलं गेलं. ते संपल्यावर मी अकोल्याच्या एका भंगारवाल्याच्या दारात उभा राहिलो आणि तिथून चंद्रभान नावाच्या शेतकऱ्याने मला आपल्या बगीच्यात आणलं. मग सुरू झाली फवारणी. कधी मोरचूद आणि चुना, कधी किडीचं जहाल औषध, सगळं माझ्यातच ढवळायचं. संत्री पिवळीधमक झाली की व्यापारी झाडांची तारीफ करत. माझ्यावर मात्र माणसं तंबाखू-सुपारीचा खर्रा थुंकत, त्याच्या रिकाम्या प्लास्टिकच्या पन्न्या माझ्यात टाकत. पावसाळ्यात तळाशी अळ्या वळवळत. एकदा एक उंदीर माझ्यात पडून कुजला, तो वास मी अजून विसरलो नाही.

गेल्या उन्हाळ्यात चंद्रभानच्या लेकीचं, प्राजक्ताचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, होता. चंद्रभानने हौसेने बँड बोलावला. पाण्याच्या कॅन मात्र बोलावल्या नाहीत. घरचा ड्रम असताना त्या कशाला, असं त्याचं म्हणणं. त्याने मला राखेने आणि सोड्याने घासलं, काठोकाठ पाणी भरलं, बर्फाची लादी सोडली, तोंडाला पांढरं फडकं बांधलं आणि वर मोगऱ्याची माळ घातली. घासूनही औषध माझ्या अंगात मुरलेलंच होतं. पण ड्रमला ओकता येत नाही. पाहुण्यांमध्ये लहान लेकरं होती, आणि मी काहीच करू शकत नव्हतो.

पाहुण्यांच्या गाड्या दारात थांबल्या. सून दामिनी जग भरायला आली, वाकली आणि झटकन मागे सरली.

"मामाजी, या पान्याले औषधाचा वास येते."

"काहीबाही बोलू नको. चांगला घासला म्या," चंद्रभान म्हणाला. "पाव्हणे येऊन राह्यले, अन् तू वास काय घेत बसली?"

"फवारनीचा ड्रम हाये हा. घासून जाते का ते?"

"अवं, चार लोकांत इज्जत घालवतं का माही?"

 दामिनीने गिलास भरला आणि सासऱ्यापुढे धरला. "मंग पयला गिलास तुमी घ्या, मामाजी."

चंद्रभानने रागाने गिलास हिसकावला आणि ओठाला लावला. तिथेच थांबला. तोंड वाकडं झालं, मान फिरवून तो थू थू करत थुंकला. त्याने मोगऱ्याच्या माळेकडे पाहिलं, मग दारातून आत येणाऱ्या लेकरांकडे. त्याने मला खांदा लावला आणि सगळ्यांच्या देखत आडवं केलं.

"पानी खराब निंगालं," असं काहीतरी तो पाहुण्यांना पुटपुटत राहिला. दामिनीच्या दिराने, रोहितने, गावातून कॅन आणल्या. पाहुणे जरा उशिरा पाणी प्यायले, इतकंच.

दुसऱ्या दिवशी चंद्रभान मला भंगारात विकायला निघाला. दामिनी आडवी आली. "तिथून कोनीतरी पान्यालेच नेईन याले."  मग चंद्रभान स्वतःच सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, घेऊन आला.

मित्रांनो, इतर वस्तू तुम्हाला विनवतात, आम्हाला जपा. माझं मागणं उलटं आहे. औषधाचा ड्रम दिसला की त्याला जपू नका. बँडवाल्या ड्रमला भोक पडलं की त्याचं आयुष्य संपतं. माझ्या पोटात सब्बल घुसली, तळ फुटला, आणि पहिल्यांदाच मला स्वच्छ वाटलं.