साहेबांचा हुकूम

“एकच वाक्य म्हणायचं, काका. ‘साहेबांच्या हुकमावरून मी परत वर गेलो.’ बास. पुढचं आम्ही बघतो.”

शाळेच्या नव्या सभागृहाला कॅप्टनसाहेबांचं नाव द्यायचं होतं. साहेब याच गावचे, मोठ्या घरातले. त्यांच्या पलटणीतला गावात उरलेला एकटा माणूस म्हणजे पिठाची गिरणी चालवणारा फौजी. म्हणून शाळेचे अध्यक्ष गिरणीत येऊन त्याची मनधरणी करत होते.

फौजीने भुवयांवरचं पीठ झटकलं. “हुकूम उलटा होता. जखमींना सोडा आणि खाली उतरा.”

“माणूस गेला आता. कशाला उकरून काढायचं?”

“मी कुठे उकरतोय? फावडं घेऊन तुम्हीच आलात.”

अध्यक्ष गेल्यावर बायको म्हणाली, “बोला की तेवढं. निदान डाग तरी पुसेल.”

“मला लागलेलाच नाही, तर पुसू काय?”

लढाईत डोंगरावरचं ठाणं सोडताना लांबू मांडी फुटून वरच राहिला होता. लांबू गावातलाच, फौजीचा जिवाभावाचा मित्र. फौजी मागे वळला तेव्हा साहेबांनी त्याची कॉलर धरली. “गेलास तर दंडावरची फीत जाईल.” “जाऊ दे,” म्हणून तो गेला. लांबूला पाठीवर घेऊन बर्फातून उतरला. खाली डॉक्टरांच्या तंबूत लांबूने प्राण सोडला. पण देह घरी आला, आईला लेकाच्या तोंडावरून हात फिरवता आला. फौजीची हुद्द्याची फीत गेली आणि बर्फाने पायाची बोटं नेली. गावात त्याने खरं ते सांगितलं, पण साहेबांच्या घराविरुद्ध कोण बोलणार? फुकट का कुणाची फीत जाते, असं लोक म्हणत राहिले.

चारचौघांत तो नाही म्हणणार नाही, या भरवशावर अध्यक्षांनी समारंभात त्याला बोलायला उभं केलं.

“साहेबांनी मला पाठवलं नव्हतं,” फौजी म्हणाला. “मी हुकूम मोडून गेलो. साहेब वाईट नव्हते. कोवळं पोरगं होतं, घाबरलं. मीही घाबरलो होतो. पण लांबू वर हाका मारत होता.”

कुणीतरी माइक बंद केला. फौजीने मोकळा आवाज लावला.

“आज पुन्हा तोच हुकूम मिळाला, तरी मोडीन! नाव साहेबांचं द्या, खुशाल द्या. खोटं माझ्या तोंडून नको.”

टाळी पडली नाही. साहेबांचा पुतण्या खाली बघत राहिला. फौजी लंगडत पायऱ्या उतरला आणि सरळ दाराबाहेर पडला.

मागून लांबूची धाकटी बहीण आली. आता तीही म्हातारी झाली होती.

“दादा, इतकी वर्षं विचारायचा धीर झाला नाही. वाटेत तो काही बोलला का हो?”

फौजी घुटमळला.

“शिव्या घालत होता मला. म्हणे, हळू चाल की गाढवा, हाडं खिळखिळी केलीस.”

ती खळखळून हसली. हसता हसता तिने तोंडावर पदर धरला. पदर खाली येईपर्यंत फौजी तिच्याशेजारी ताठ उभा राहिला.