पंखांचे कोंब

धर्मराजनं जन्मभर वाल पिकवला आणि त्यावर हिरवा ढेकूण दिसला की अंगठ्यानं चिरडला. त्या ढेकणाची पिल्लं कशी दिसतात, हे मात्र त्यानं कधी पाहिलं नाही. शत्रूच्या पोराबाळांची चौकशी कोण करतो?

आता शेत गेलं होतं. पळस्प्याजवळच्या इमारतीत, नवव्या मजल्यावर तो एकटा राहायचा. बायको जाऊन वर्ष होत आलं होतं आणि मुलगी भाविका दापोलीला शेतकी कॉलेजात होती. लिफ्टमध्ये माणसं भेटायची, पण ती आपापल्या मोबाईलमध्ये डोकं खुपसून उभी. गॅलरीत रंगाच्या रिकाम्या डब्यांत त्यानं वाल लावला होता. खाणार कोण, हे त्यालाही सांगता आलं नसतं.

एके दिवशी पानामागे अंड्यांच्या टरफलांभोवती नारिंगी, वाटोळी पिल्लं दाटीवाटीनं बसलेली दिसली. त्यानं भाविकाला फोटो धाडला. एरवी "जेवलास ना?" एवढं विचारून फोन ठेवणारी पोरगी, तिचा लगेच फोन आला.

"बाबा, मारू नको त्यांना. हिरव्या ढेकणाची वाटतात. मला कॉलेजात पिल्लांच्या सगळ्या अवस्था ओळखून द्यायच्यात. रोज बघून सांग."

मग रोज संध्याकाळी फोन. धर्मराज दुपारपासूनच चष्मा पुसून तयार.

"ही दुसरीच कायतरी हायेत गो. काली, वर सफेद ठिपके."

"तीच ती. कात टाकली त्यांनी. रंगावर जाऊ नको, रंग दर वेळी बदलतो."

पुढं ती हिरवट झाली, कडेला गुलाबी ठिपके आले. मोठी झाली तशी घोळका सोडून एकेक वेगळ्या पानावर गेली. धर्मराजला ते काही आवडलं नाही.

"आता खांद्याशी पंखांचे कोंब दिसतील," भाविका म्हणाली. "ती पिल्लाची शेवटची अवस्था. मग पूर्ण पंख आले की एक फोटो टाक. माझं काम संपलं."

ते शेवटचं वाक्य त्याच्या जिवाला लागलं. कोंब दिसले त्या दिवशी तो फोनवर म्हणाला, "नाय, अजून तशीच हायेत." दुसऱ्या दिवशीही तेच. फोटो मागितला तर कॅमेरा धुरकट झाला म्हणाला. पिल्लांना पंख फुटले, ती गॅलरीच्या जाळीवर जाऊन बसली, तरी धर्मराजचं आपलं "तशीच हायेत."

शनिवारी दारात भाविका उभी. ती थेट गॅलरीत गेली. पानांना रिकाम्या काती चिकटल्या होत्या आणि जाळीवर पाच-सहा हिरवेगार, पंखवाले ढेकूण.

"घे फोटो," धर्मराज मान खाली घालून म्हणाला. "माझ्यामुलं तुझं काम राहिलं."

"काम मंगळवारीच दिलं मी. मैत्रिणीचे फोटो लावून."

"मंग आलीस कशाला?"

"आई दवाखान्यात होती तेव्हाही तू फोनवर हेच सांगायचास. अजून तशीच हाय, अजून तशीच हाय. मी पोचले तेव्हा ती मला ओळखतही नव्हती." तिनं पानावरची एक रिकामी कात उचलली. "पिल्लं इतके दिवस तशीच राहत नाहीत, बाबा. तू काहीतरी लपवतोयस, एवढं कळत होतं. मला वाटलं, आता तुलाच काही झालंय."

धर्मराज वालाच्या डब्यांशेजारी खाली बसला. पोरीची रोजची पाच मिनिटं लुबाडली, एवढाच आपला गुन्हा असं तो धरून चालला होता. फोन ठेवल्यावर दापोलीत ती काय काय मनात आणत असेल, याचा विचार त्याला शिवलाही नव्हता.

"मला काय झालं नाय, बाय," तो म्हणाला. "संध्याकाली बोलायला कोन नसतं, तेवढंच."

भाविकानं पाठीवरची सॅकही काढली नव्हती. ती तशीच त्याच्या शेजारी फरशीवर बसली.