पत्रिकेतला जलघात

डोंबिवलीच्या प्रभाकर दामल्याने मंगळासाठी घातलेल्या अंगठीपलीकडे पोवळं कधी पाहिलं नव्हतं. पण चोपन्न सालच्या पावसाळ्यात त्याने एका मासिकात वाचलं, की परदेशात लोक डोळ्यांवर काच आणि तोंडात नळी लावून समुद्रात पालथे तरंगतात आणि पोवळ्यांची अख्खी बाग पाहून येतात. अशी बाग आपल्या मालवणलाही आहे, असं कचेरीतला एकजण म्हणाला. झालं, स्वारीच्या डोक्याने घेतलं. दिवाळीत बायकोला, उत्तराला, घेऊन बोटीने मालवण गाठायचं.

अडचण एकच होती आणि ती स्वयंपाकघरात डाळ निवडत बसली होती. प्रभाकरच्या पत्रिकेत जलघात होता. त्यापायी त्याच्या आईने, विमलाबाईंनी, त्याला कधी तळ्याच्या काठीसुद्धा उभं राहू दिलं नव्हतं. आई नको म्हणाली की बेत संपला, हे तो जाणून होता. म्हणून त्याने ठरवलं, आधी शिकायचं आणि मग सांगायचं.

जुन्या तसबिरीची काच गोल कापून त्याने सायकलच्या ट्यूबमध्ये बसवली. नळीसाठी परसातल्या पपईच्या पानाचा पोकळ देठ तोडला. विमलाबाई कीर्तनाला गेल्या की मागच्या हौदात डोकं बुडवून सराव चाले. "अहो, आहात ना?" असं उत्तरा अधूनमधून विचारी आणि तो हात हलवून हो म्हणे.

एका संध्याकाळी त्याचे ओठ भज्यांसारखे फुगले.

"गांधीलमाशी चावली," तो म्हणाला.

विमलाबाईंनी ओठ पाहिले, मग पपईचं झाड पाहिलं, मग हौदाच्या कठड्यावरची काच उचलली.

"चीक लागलाय. देठ आधी उन्हात वाळवायचा असतो. आम्ही भोपळ्याचा घ्यायचो."

"आम्ही म्हणजे कोण?"

"माझं माहेर मालवणचं, विसरलास? लग्नाआधी मी घरात कमी आणि पाण्यात जास्त असायचे."

विसरला नव्हता, पण मालवणची चौकशी त्याने कचेरीत केली होती, घरात नाही. लग्न होऊन इथे आल्यापासून आईने समुद्र पाहिला नव्हता आणि तिला कुणी विचारलंही नव्हतं. प्रभाकरला मनापासून लाज वाटली.

तोवर विमलाबाईंनी पदर खोचला, देठ खळाखळा धुतला आणि काच लावून डोकं हौदात घातलं. बराच वेळ वर काढेनात. उत्तराने नवऱ्याची बाही घट्ट धरली.

"हौद घासायला झालाय," विमलाबाई वर येत म्हणाल्या. चेहरा मात्र उजळला होता.

"मग दिवाळीत मालवणला जाऊ ना आम्ही दोघं?" प्रभाकरने भीतभीत विचारलं.

"आपण तिघंही जाऊ. उत्तराला मी शिकवते."

"आणि मी?"

"तू होडीत बस. पत्रिकेत होडीचं काही लिहिलेलं नाही."