दंडावर आवळलेला पट्टा

मी एक जुना, विटलेला पट्टा आहे. आत रबर, वरून जाड कापड आणि एका टोकाला बक्कल. हात नाहीतर पाय आवळायचा, एवढंच माझं काम. मित्रांनो, जन्मभर कुणाला तरी आवळत बसणं हा काही सुखाचा धंदा नव्हे. मी आता दमलो आहे.

माझी पहिली चाकरी शिवणकाम करणाऱ्या एका बाईंकडे झाली. धाकटा भाऊ त्यांना ताई म्हणे, म्हणून मीही ताईच म्हणतो. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर त्यांची मांडी पार वाळली होती आणि जड वजन गुडघ्याला झेपणार नव्हतं. तेव्हा व्यायाम शिकवणाऱ्या डॉक्टरीणबाई मला घेऊन आल्या. मांडीच्या वरच्या बाजूला त्या मला बेतानेच आवळत. रक्त आत जाई, पण त्याची परतीची वाट अरुंद होई. मग हलकं वजन उचलतानाही स्नायूला वाटे, केवढा डोंगर उचलतोय आपण! तो थके, आणि पुढे विश्रांतीत हळूहळू भरे. पायाला मुंग्या आल्या की लगेच सोडायचं, अशी डॉक्टरीणबाईंची सक्त ताकीद होती. ताई कुरकुरत, पण ऐकत. काठी सुटली त्या दिवशी त्यांनी मला धुऊन वाळत घातलं आणि म्हणाल्या, "जळवेसारखा चिकटतोस, पण गुणाचा आहेस." माझ्या वाट्याला आलेलं कौतुक एवढंच.

मग मी खुंटीवर गेलो आणि सगळे मला विसरले.

ताईंचा भाऊ गोदामात माल चढवायचा. लहानपणापासून त्याला आग विझवणाऱ्या दलात जायचं होतं, म्हणून घरात त्याचं नाव बंब पडलं होतं. वयाच्या अटीमुळे यंदाची भरती शेवटची होती, आणि दोरावर हातांच्या जोरावर चढणं त्याला जमत नव्हतं. व्यायामशाळेत कुणीतरी त्याला माझ्यासारख्या पट्ट्यांबद्दल सांगितलं, वर तरतरीची एक पावडरही दिली. बंबने कुणाला न विचारता मला खुंटीवरून काढलं.

कॉफीत जे द्रव्य असतं, तेच त्या पावडरीत होतं, पण मणामणाने. ते काही स्नायू घडवत नाही. ते थकवा झाकतं, रक्ताचा दाब वाढवतं आणि काळजाला चाबूक मारून पळवतं.

एके सकाळी गच्चीवर बंबने उपाशीपोटी ती पावडर दुप्पट घेतली आणि मला दंडावर अगदी शेवटच्या भोकापर्यंत ओढलं. माझ्याखाली त्याची नाडी उधळलेल्या घोड्यासारखी धावत होती. बोटं काळीनिळी पडली, तरी तो वजन उचलतच राहिला. मला ओरडून सांगता आलं असतं तर! तोंड नसलेल्याने काय करावं? त्याच्या डोळ्यांपुढे अंधारी आली आणि तो धाडकन कोसळला.

आवाज ऐकून ताई हातातल्या कात्रीसकट कठडा न धरता जिने चढून आल्या. बक्कल निघेना. त्यांनी मला सरळ कापलं. त्याचं मला दुःख नाही.

इस्पितळात कळलं की काळजाचे ठोके चुकले होते. हात बधिर झाला होता, पण वाचला. भरतीच्या दिवशी बंब खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडला होता.

"विचारलं असतंस तर मीच बांधून दिला असता," ताई म्हणाल्या.

"विचारलं असतं तर तू 'हळूहळू घे' म्हणाली असतीस."

"म्हणाले असते," ताई म्हणाल्या आणि त्याचा हात चोळत बसल्या.

ती नोकरी हुकली ती हुकलीच. बंब अजून गोदामातच आहे. पावडरीचा डबा त्याने रिकामा केला, ताईंनी त्यात बटणं भरली. आता तो संध्याकाळी साधी वजनं उचलतो आणि दम लागला की मुकाट्याने खाली बसतो. दंड भरतोय, पण मुंगीच्या पावलांनी.

माझ्या उरलेल्या तुकड्याने ताई कापडाचं गाठोडं बांधतात. गाठोडं कितीही आवळा, त्याला दुखत नाही. तुमचं तसं नाही, मित्रांनो. थकवा दारात आला तर त्याला हाकलू नका. घटकाभर बसू द्या त्याला, तो तुमच्याच घरचा आहे.