लँडमास्टरचा उलटा अर्थ

पुंजारामआप्पांच्या जुन्या लँडमास्टर मोटारीला मागून टेम्पोनं ठोकलं, आणि वर टेम्पोवालाच खाली उतरून त्यांच्यावर चढला.

"म्हातारबा, ब्रेक मारला तर लाल दिवा दिसायला पायजे का नाय? का देवघरातली समई लावलीय मागं?"

घरी आल्यावर आप्पांनी मुलीला, शुभांगीला, ब्रेकवर पाय ठेवायला सांगितलं आणि स्वतः मागे जाऊन उभे राहिले. दिवा लागत होता, पण भर उन्हात तो लागलाय हे कळायला काचेवर हाताची सावली धरावी लागत होती. छप्पन सालची गाडी. जुन्या तारांतून मागे पोचेपर्यंत विजेचा निम्मा जीव वाटेतच जाई.

"झालं," आप्पांच्या पत्नी सरुबाई दारातून म्हणाल्या. "आपला पोरगा मयूर पुण्याहून ओरडतोय तेच खरं. रविवारी त्या रिसॉर्टवाल्याला बोलवा नि देऊन टाका. पुढच्या खेपेला टेम्पो नसेल, ट्रक असेल."

गंगापूर धरणाकडच्या त्या रिसॉर्टवाल्याला गाडी फाटकाशी उभी करायची होती. इंजिन नसलं तरी त्याचं चालणार होतं. बॉनेटमध्ये तो शेवंती लावणार होता. एकलहऱ्याच्या वीज केंद्रातून फोरमन म्हणून निवृत्त झाल्यापासून रोज सकाळी चहाआधी बॉनेट उघडणारे आप्पा त्या दिवसापासून गाडीकडे पाठ करून पेपर वाचू लागले. शुभांगीला ते बघवेना.

"रविवारपर्यंत थांबा," ती म्हणाली. "मी मागचे दिवे एलईडीचे करते. दिसले नाहीत, तर खुशाल द्या."

ती कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायची. दोन हजार सहा साल होतं. गाडीचे तसले दिवे नाशिकच्या दुकानांत सहज मिळत नव्हते, म्हणून एका जुन्या विद्यार्थ्याकडून तिनं ते मुंबईहून मागवले. ब्रेकला लाल, सिग्नलला पिवळे. पांढरा दिवा लाल काचेमागे टाकला की त्याचा बहुतेक उजेड काच गिळून टाकते, आणि लालच टाकला तर जवळजवळ सगळा बाहेर येतो, हा हिशोब तिनं आधीच केला होता.

ती डिकीत वाकून जुने दिवे काढत असताना सरुबाई स्वयंपाकघरातून कडाडल्या, "लावा, लावा दिवाळी! आणि रविवारी पाठवा एकदाची!"

पेपर खाली न करता आप्पा म्हणाले, "शुभे, तिचा अर्थ उलटा आहे हं. लक्षात ठेव."

शुभांगी हसली. आईचं बोलणं उलटं धरायचं, हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं. तिनं मान डोलावली आणि कामाला लागली.

चारही दिवे बसले. एकही लागला नाही. जुने परत घातले, की लागत. नवे घातले, की अंधार. तीन संध्याकाळी यातच गेल्या. दिवेच सदोष निघाले म्हणून तिनं त्या विद्यार्थ्याला फोनवर झापलंही. तो बिचारा म्हणाला, "मॅडम, चारही लावून बघूनच पाठवलेत."

शनिवारी सकाळी ती आप्पांना आणि गाडीला घेऊन नाशिकरोडला बुधाकडे गेली. बुधा पेठकडच्या एका पाड्यावरचा. तरुणपणी द्राक्षांच्या छाटणीला म्हणून खाली आला आणि एका बॅटरीवाल्याकडे राहिला. आता साठीला टेकला होता. पत्र्याच्या टपरीत गाड्यांची वायरिंग करायचा, आणि भाद्रपदात गणपती मंडळांची रोषणाई.

सगळं ऐकून त्यानं एकच विचारलं. "ताई, अर्थ बघितला?"

"कसला अर्थ?"

"बॉडीचा."

बॅटरीचं एक टोक गाडीच्या लोखंडाला जोडलेलं असतं, त्याला गॅरेजात अर्थ म्हणतात. "बॉडी म्हणजे ऋण टोक," शुभांगी वर्गात सांगावं तसं म्हणाली. "सगळ्याच गाड्यांत."

बुधा वाद घालत बसला नाही. बॅटरीच्या टोकांवर ग्रीसचा इतका थर होता की अधिक-उण्याच्या खुणा दिसत नव्हत्या. तो शेजारच्या वडेवाल्याकडून अर्धा कच्चा बटाटा घेऊन आला. बॅटरीच्या दोन टोकांपासून तांब्याच्या दोन तारा काढून त्यानं बटाट्यात खुपसल्या, बोटभर अंतर ठेवून, आणि बिडी पेटवली. बिडी अर्धी व्हायच्या आत एका तारेभोवतीचा बटाटा हिरवा झाला.

"हिरवं ते धन. आता ही तार कुठनं आलीय बघा."

शुभांगीनं तारेवर बोट फिरवत नेलं. ती बॉडीच्या टोकावरून आली होती.

तांबं धन टोकाशी विरघळतं, त्याचा हा रंग. रसायनशास्त्र तिला पाठ होतं. पण बटाटा तिला कधी सुचला नव्हता, आणि पर्समध्ये व्होल्टमीटर असून तीन दिवसांत तो बाहेर काढावासा वाटला नव्हता. एलईडीतून वीज एकाच दिशेनं जाते. या गाडीत ती उलट्या बाजूनं येत होती.

"आप्पा, तुम्ही सांगितलं का नाही?"

"सांगितलं की. तिचा अर्थ उलटा आहे म्हणालो."

"मला वाटलं आईचा!"

बुधाला ठसका लागला. "बायांचं आपल्याला नाय कळत, ताई. गाडीचं तेवढं कळतं."

"मग बॅटरीच उलटी जोडू या," शुभांगी म्हणाली.

"जोडता येईल. पन मग डायनामो फिरवा, मीटर फिरवा. पन्नास वर्षं तिचा एक अर्थ ठरलाय. चार दिव्यांपायी सगळ्या गाडीला कशाला फिरवायची? दिवेच फिरवू."

त्यानं दिव्यांच्या टोप्या उघडल्या. प्रत्येकात मसुरीएवढे एकोणीस दाणे. एकेक दाणा कथलाचा डाग तापवून सोडवायचा, उलटा फिरवायचा, पुन्हा डाग द्यायचा. बारीक काम डोळ्यांना झेपत नसे, म्हणून तो दाण्याच्या कडेवरून अंगठ्याचं नख फिरवी. एका बाजूला कड किंचित चपटी लागते. ती ऋण टोकाची खूण आहे, हे शुभांगीनं पुस्तकात वाचलं होतं. बुधा ते नखानं वाचत होता. ती चिमट्यात दिवा धरून समोर बसली. चार दिवे, शहात्तर दाणे, आणि हात एकदाही अडखळला नाही. दुपारचा डबा तसाच राहिला. आपल्या प्रयोगशाळेतल्या कुणाचाही हात इतका स्थिर नाही, स्वतःचासुद्धा नाही, असं तिच्या मनात आलं.

ब्रेकचे दिवे लागले, तेव्हा आप्पांनी टोपी काढून पुन्हा घातली. सिग्नल मात्र लागला तो लागूनच राहिला, उघडझाप करेना.

"फ्लॅशर जुना हाय. आतली पट्टी तापली तर उडते," बुधा म्हणाला. "हे दिवे वीज खातच नाय, ती तापनार कशी?" पट्टी तापण्याइतकी वीज ओढली जावी म्हणून त्यानं सिग्नलचे दोन्ही जुने बल्ब एका पत्र्याच्या डब्यात बसवले, डबा डिकीत ठेवला आणि तारा जोडून दिल्या. डब्यात जुना बल्ब लुकलुकू लागला, आणि बाहेर नवा.

रविवारी भर बाराला रिसॉर्टवाला आला. आप्पा आत बसले. शुभांगी फाटकाशी उभी राहिली. सरुबाई पदर खोचून रस्त्यावर गेल्या आणि टेम्पो जिथून यावा तितक्या लांब जाऊन थांबल्या.

"दाबा!"

आप्पांनी ब्रेक दाबला. सरुबाईंनी डोळ्यांवर हात धरला.

"अगं बाई, डोळ्यांत घुसतात मेले! आता सिग्नल!"

डावा झाला. उजवा झाला. रिसॉर्टवाला घड्याळ बघत होता. "मग आजी, न्यायची ना गाडी?"

"न्या की," सरुबाई येता येता म्हणाल्या. "न्या. घरात ब्याद नुसती." आणि पुढचं दार उघडून त्या आप्पांशेजारी बसल्या. "अहो, सोमेश्वराच्या देवळात चला आधी. कधीची म्हणतेय."

रिसॉर्टवाला गोंधळला. "म्हणजे नेऊ, का नको?"

"तिचा अर्थ उलटा आहे," शुभांगी म्हणाली.

गाडी कोपऱ्यापर्यंत गेली. आप्पांनी ब्रेक मारला. मागचे दोन्ही दिवे उन्हात लालभडक झाले, आणि उजवीकडचा सिग्नल उघडझाप करू लागला. बंद डिकीतला जुना बल्ब कुणाला दिसत नव्हता, पण शुभांगीला त्याची लय नीट कळत होती.