बिननावाचा

माझी लेक एडी गमबुटाशी बोलत होती. कपडे धुण्याच्या खोलीत, फरशीवर मांडी घालून, गुडघ्यांवर टोस्टचा चुरा. आवाज अगदी मवाळ, धाकट्याला निजवताना माझा असतो तसा.

"ये ना बाहेर. मी नाही मारणार. तू नॉर्मनचा भाऊ आहेस ना?"

बुटाच्या तोंडाशी एक काळाभोर कोळी पुढचे पाय उगारून उभा होता. नुकतं पॉलिश केल्यासारखा चकचकीत.

मी तिला दंडाला धरून ओढलं ते थेट ओट्यावर बसवलं. माझा नवरा लॅकी धावत आला, त्यानं दुसरा गमबूट उचलला आणि कोळ्याचा तिथल्या तिथे लगदा केला. एडीनं घर डोक्यावर घेतलं.

"डॅडीनं नॉर्मनच्या भावाला मारलं!"

नॉर्मन म्हणजे आमच्या न्हाणीघराच्या भिंतीवरचा हंट्समन कोळी. तळहाताएवढा, तपकिरी, केसाळ, खेकड्यासारखा तिरका पळणारा. झुरळं खातो, कुणाच्या अध्यात ना मध्यात. असा एखादा आमच्याकडे घरोघरी असतो. त्याला कोणी हाकलत नाही, उलट नाव देऊन मोकळे होतात. आमच्याचं बारसं माझ्या वडिलांनी केलं, एडी तान्ही असताना. पोरीला कोळ्याची भीती नको म्हणून. भीती गेली खरी. इतकी गेली, की घरात शिरणारा प्रत्येक आठ पायांचा प्राणी तिला नॉर्मनच्या गोतावळ्यातला वाटायला लागला.

आणि बुटातला तो होता फनेलवेब, जातीचाच जहाल विषारी. तो चावला की आधी करकचून पट्टी बांधायची आणि मग दवाखाना गाठायचा, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. सिडनीच्या उत्तरेला, झाडीला पाठ लावून घर घेतलं की हे शेजारी आलेच. उन्हाळा सरताना पावसाची झड लागली की नर बिळं सोडून माद्यांच्या शोधात भटकतात. दाराखालची फट त्यांना रस्ताच वाटते.

"तू पोरांना घेऊन डब्बोला जा, माझ्या आईकडे," लॅकी बूट धूत म्हणाला. "थंडी पडेपर्यंत. तिकडे हे कोळी नाहीत."

"आणि पुढच्या वर्षी?"

"पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी."

"म्हणजे दर पावसाला पोरं गाडीत कोंबायची आणि पळायचं? लॅकी, त्यांना इथेच मोठं व्हायचंय."

"ब्रॉनी, ओटिस रांगायला लागलाय. तो बूट चाटतो, बूट!"

ओटिस माझ्या कडेवर होता, माझी बट मुठीत धरून चोखत. त्याच्या टाळूचा तो कोमट, दुधट वास. मला हे घर हवं होतं, मागची निलगिरीची झाडं, सकाळी किंचाळणारे काकाकुवे, सगळं. पण या टाळूपेक्षा जास्त नाही.

"शनिवारपर्यंत थांब," मी म्हणाले. "एडीला फरक कळला तर राहायचं. नाही कळला तर बॅगा मी स्वतः भरते."

पहिला प्रयत्न सपशेल फसला. मी तिला फोनवर फनेलवेबचा फोटो दाखवला. तिनं त्याचा पापा घेतला.

मग मी आवाज चढवला. वाईट, विषारी, चावतो, मरतं माणूस! झालं. दुपारपासून बाईसाहेब न्हाणीघरात जाईनात. दारात पाय आवळून उभ्या, डोळ्यांत पाणी. "नॉर्मन चावेल." शेवटी तिला बागेत, लिंबाच्या झाडामागे बसवावं लागलं. तिची इवलीशी पाठ बघून मला भडभडून आलं. भीती घालणं किती सोपं असतं!

संध्याकाळी माझे वडील आले. आम्ही सगळेच त्यांना पॉप म्हणतो. काखेत बीटच्या फोडींची रिकामी बरणी. रिकामी म्हणजे बीट नसलेली. तळाशी ओली माती, झाकणाला बारीक भोकं आणि आत काळा, चकचकीत.

"पोहण्याच्या तलावातून गाळून काढला," ते म्हणाले. "तळाशी मेल्यासारखा पडला होता. लबाड लेकाचा."

"पॉप, तू हे घरात आणलंस?" लॅकीचा चहा सांडला. "आधी नॉर्मनचं बारसं करून ठेवलंस, आता याचं करतोस का?"

"याचं नाही करत. तोच तर मुद्दा आहे, जावईबापू. बस खाली."

त्यांनी बरणी जेवणाच्या टेबलावर ठेवली, झाकण आवळून. एडी माझ्या मांडीत घुसली, पण एक डोळा उघडा. पॉपनी काचेवर चमच्यानं टकटक केलं. कोळी मागच्या पायांवर उठला, सुळे उघडून.

"तो रागावलाय," एडी पुटपुटली.

"हा असाच असतो. नॉर्मन कुठे राहतो गं?"

"भिंतीवर."

"अंगात काय घालतो?"

"केसांचा कोट."

"याचा कोट आहे का?"

तिनं मान हलवली. "हा बुटासारखा चमकतो."

"आणि काचेवर चढतोय का बघ."

आम्ही सगळे बघत राहिलो. कोळी काचेवर पाय टेकायचा आणि घसरायचा. परत टेकायचा, परत घसरायचा.

"येत नाही त्याला," एडी म्हणाली. आवाजात मघाचा कापरेपणा उरला नव्हता.

मला धागा सापडला. भीती नको, फक्त जागा कळायला हवी. "एडी, भिंतीवरचा तो नॉर्मन. जमिनीवरचा चकचकीत, तो कुणाचा कुणी नाही. तो दिसला की पाय वर, मग हाक. खाली उतरायचं नाही, काही झालं तरी. म्हण."

"पाय वर, मग हाक."

पॉप जाताना बरणी घेऊन गेले. मग आठवडाभर आमच्या घरात वेड्यांचा बाजार. मी केव्हाही ओरडायची, "चकचकीत!" की ज्याला जे सापडेल त्यावर त्यानं चढायचं. एडी सोफ्यावर, मी स्टुलावर ओटिसला घेऊन. लॅकी एकदा चहाच्या कपासकट कपडे धुण्याच्या मशीनवर चढून बसला.

"शेजाऱ्यांनी बघितलं तर आपल्याला बांधून वेड्यांच्या इस्पितळात नेतील," तो म्हणाला. पण उतरताना हसत होता. त्याच दिवशी त्यानं दारांना रबराच्या पट्ट्या ठोकल्या आणि गमबूट खुंट्यांवर उलटे टांगले. मागचं एक दार तेवढं राहिलं, पट्टी पुरली नाही.

शनिवारी सकाळी पाऊस उघडला. लॅकी पुढच्या अंगणात गाडी धूत होता. मी मागच्या व्हरांड्यात कपडे वाळत घालत होते, मुलं दाराच्या आतच, मला आवाज येईल अशी. ओटिस चिमट्यांची टोपली उपडी करत होता.

"पाय वर!" एडीची हाक आली. "मम्मी! खरंचा चकचकीत!"

मी आत शिरले. खाली पडलेल्या टॉवेलच्या घडीतून तो निघाला होता. एडी खेळण्यांच्या पेटीवर पालथी पडली होती, पाय हवेत अगदी नियमाप्रमाणे, आणि दोन्ही हातांनी तिनं ओटिसच्या डंगरीचे पट्टे मागून धरले होते. तो टॉवेलकडे झेपावत होता. संतापून लालबुंद, भोकाड पसरून. तिचे दात आवळलेले, बोटं पांढरी पडलेली.

"मी उतरले नाही," ती धापा टाकत म्हणाली. "पण याला पाय वर करताच येत नाहीत!"

मी ओटिसला उचलून तिच्या शेजारी पेटीवर ठेवला. "धर त्याला, सोनू. अशीच धरून ठेव."

दारात लॅकी आला, हातात गमबूट.

"बूट नको," मी म्हणाले. "फळीवरची रिकामी बरणी दे. आणि तो लांब दांड्याचा लाकडी चमचा."

"ब्रॉनी, सरक, मी..."

"उद्या तू कामावर असशील. बरणी दे."

त्यानं दिली. मी बरणी आडवी ठेवली, पायात लॅकीचे जाड बूट सरकवले, दोन्ही आधी झटकून. कोळी उठला. सुळ्यांच्या टोकांशी थेंब चमकत होते. मागून एडी हळूच सांगत होती, "हळू, मम्मी. त्याला काच चढता येत नाही." मी चमच्यानं त्याला ढकलत ढकलत आत नेलं आणि बरणी उभी केली. तो तळाशी घसरला. लॅकीनं झाकण लावलं.

ओटिस हुंदके देत चिमटा चघळत होता.

"आईला फोन करतो," लॅकी शेवटी म्हणाला. "पोरं नाताळातच येतील म्हणून. आणि आधी या दाराला पट्टी."

दुपारी आम्ही बरणी प्राणिसंग्रहालयात दिली. तिथे यांचं विष काढतात, त्यापासूनच त्यावरचं औषध होतं. खिडकीतल्या बाईनं बरणी उजेडात धरली. "वा, जबरदस्त आहे हा! नाव काय ठेवलं गं याचं?"

एडीनं तिच्याकडे असं पाहिलं, जणू बाईंना साधी गोष्टही कुणी शिकवली नाही.

"याला नाव नसतं," ती म्हणाली. "हा जमिनीवरचा आहे."