दोन टिचक्या

“माझी चूक अशी, की मला नसलेली खूण दिसली,” भिंगरी फळ्यापाशी उभा राहून म्हणाला, आणि शाळेच्या हॉलमध्ये बसलेले तीस कोच मनापासून हसले. मला हसू आलं नाही.

भिंगरी म्हणजे माझा जुना विद्यार्थी. आता चाळिशीला टेकलाय, चष्मा लागलाय, पोट सुटलंय, डोक्यावरचे केस कायमच्या रजेवर गेलेत. पण सतराव्या वर्षी तो बेसवरून असा सुटायचा की त्याला दुसरं नाव शोभलंच नसतं. दिवसा तो पार्सल ऑफिसात काम करतो आणि संध्याकाळी एका लहानशा शाळेतल्या मुलांना बेसबॉल शिकवतो. आमच्या कोचांच्या शिबिराला तो यंदा पहिल्यांदाच आला होता. मीच आग्रहाने बोलावलं होतं. का बोलावलं, ते मला नीट ठाऊक नव्हतं. किंवा ठाऊक होतं आणि मी तिकडे कानाडोळा करत होते.

शिबिराची रीत मात्र माझी. अकरा वर्षांपूर्वी आम्ही चार-पाच जुने कोच पहिल्यांदा जमलो, तेव्हा तासाभरातच माझं डोकं उठलं. जो उठेल तो स्वतःच्या कपाटातले कप सांगत होता. शेवटी मी दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारली. (मला सगळे शिट्टीबाई म्हणतात ते उगाच नाही.) म्हटलं, असली आत्मचरित्रं ऐकायला मी रविवार घालवणार नाही. यापुढे ज्याला बोलायचंय त्याने आधी आपली एक चूक सांगायची, मग ज्ञान पाजळायचं. तेव्हापासून तीच रीत पडली, आणि खरं सांगायचं तर दुसऱ्यांच्या चुकांतून लोक जेवढं शिकले तेवढं कपांमधून कधी शिकले नसते.

मी स्वतः अकरा वर्षांत अकरा चुका सांगितल्या. सगळ्या खऱ्या, आणि सगळ्या स्वस्तातल्या. बाराव्या वर्षाची चिठ्ठी खिशात तयार होती: ओले बॉल पिशवीत तसेच बांधून ठेवले आणि सगळ्यांची शिवण उसवली.

भिंगरीने फळ्यावर मैदानाचा चौकोन काढला, चार कोपऱ्यांना चार बेस.

“आमची फायनल होती. शेवटचा डाव, आम्ही एका रनने मागे, दोन गडी बाद. मी दुसऱ्या बेसवर उभा. बॅट हातात घेतलेला आमचा सगळ्यात भरवशाचा बॅटर. त्याने बरा फटका मारला असता तरी मी होम बेसवर पोचलो असतो आणि बरोबरी झाली असती. मला फक्त गप्प उभं राहायचं होतं. आणि मी काय केलं? फटक्याची वाट न बघता पळालो तिसऱ्या बेसकडे! बॅटरच्या मागे बसलेल्या कॅचरने आरामात तिसऱ्या बेसला बॉल फेकला, मी आउट, मॅच खलास.”

पुन्हा हशा पिकला. कारण अशा वेळी अशा जागी पळू नये, हे पहिल्या आठवड्यातलं पोरगंही सांगेल.

“मी तेव्हा सगळ्यांसमोर ओरडलो, बाई, तुम्हीच खूण दिलीत ना! बाई म्हणाल्या, मी? मी कधी दिली? पोरं माझ्यावरच धावून आली. या बसल्यात बाई, विचारा त्यांना.” तो माझ्याकडे बघून इतकं प्रेमाने हसला की मला खुर्चीत बसवेना. “बाईंची खूण कधी चुकायची नाही. मग मी घरी जाऊन विचार केला. म्हटलं, मला पळायची घाई झाली होती, म्हणून मला ते दिसलं. मन डोळ्यांना फसवतं. त्यावरून मी माझ्या पोरांना एक नियम घालून दिलाय. खूण दिसली की धावणाऱ्याने लगेच पळायचं नाही. हेल्मेटवर दोन टिचक्या मारायच्या. म्हणजे, मला दिसलं, हेच ना? मग कोचने मान डोलवायची. मान नाही, तर पळणं नाही. सहा वर्षांत माझं एक पोरगं उगाच पळून आउट झालेलं नाही.”

तीस माणसांनी माना खाली घालून वहीत लिहून घेतलं. इतका साधा आणि इतका कामाचा नियम मी त्या हॉलमध्ये ऐकला नव्हता. आणि त्याच्या मुळाशी होते मी.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. तिसऱ्या बेसजवळ कोच उभा राहतो आणि हातवाऱ्यांनी धावणाऱ्याला सांगतो, थांब की पळ. ओरडून सांगितलं तर समोरच्यांनाही कळणार. म्हणून नाक, कान, कोपर, छाती. लांबून बघणाऱ्याला वाटावं, बाईंना मुंग्या चावल्यात. त्यातलं बहुतेक नाटक असतं. आमच्या टीमची किल्ली होती बेल्ट. बेल्टला हात लागला की त्याच्यापुढची खूण खरी. बेल्ट, मग टोपी, म्हणजे पळ.

त्या महिन्यात माझी आई हॉस्पिटलात होती. मी शाळेतून तिच्याकडे आणि तिच्याकडून मैदानावर, अशी नुसती फिरत होते. जेवणाची शुद्ध नव्हती. आमचे हे शिंपी, त्यांच्या नजरेतून काय सुटतंय! म्हणाले, “अगं, पँट कमरेत सैल झालीय. दोन्हीकडून बोटभर आत घेऊन देतो.” मी म्हटलं, फायनल होऊ दे, मग घ्या.

फायनलनंतर दोन दिवसांनी आई गेली. सगळं आटोपल्यावर शाळेत परत जायच्या सकाळी ह्यांनी माझा बेल्ट घेतला, गॅसवर खिळा तापवला आणि बेल्टला आणखी एक भोक पाडलं. पाडता पाडता सहज म्हणाले, “त्या दिवशी फायनलला सारखी पँट वर ओढत होतीस. मी गॅलरीतून बघत होतो.”

माझ्या हातातली टोपी हातातच राहिली. पँट वर ओढायला मी बेल्टच धरत होते. आणि शेवटच्या डावात ऊन डोळ्यांवर आलं होतं. बेल्ट धरून पँट ओढली, मग टोपी पुढे घेतली. मी जे शिकवलं तेच पोराने केलं होतं.

त्या दिवशीच जायला हवं होतं त्याच्याकडे. पण आधी आईचं दुःख होतं, मग परीक्षा आल्या, मग निवड समितीची यादी लागली आणि तिच्यात भिंगरीचं नाव नव्हतं. तो उतावळा आहे, असं कुणीतरी म्हणाल्याचं कानावर आलं. आता सांगून काय उपयोग, असं मी मनाला समजावलं. खरं कारण एवढंच, की मला लाज वाटत होती. आणि पोरं मला कधीच न चुकणारी समजायची, ते मला फार आवडायचं. बावीस वर्षं मी मूग गिळून बसले.

भिंगरी टाळ्या घेऊन खाली बसला. माझं नाव पुकारलं. शेजारी बॉलची पिशवी मांडीवर घेऊन बसलेल्या ह्यांनी हळूच विचारलं, “ओल्या बॉलचं सांगणार?”

“हो.”

“बरं,” एवढंच म्हणाले आणि पिशवीची नाडी सोडून पुन्हा बांधत बसले. चाळीस वर्षांच्या संसारात ते मला यापेक्षा जास्त कधी रागावलेले नाहीत.

मी फळ्यापाशी गेले. चिठ्ठी काढली, वाचायला तोंड उघडलं, आणि भिंगरीने काढलेल्या चौकोनात दुसऱ्या बेसवर खडूचा एवढासा ठिपका दिसला. तो ठिपका म्हणजे तो. मी चिठ्ठी खिशात ठेवून दिली.

“भिंगरीने आत्ता सांगितली ती चूक त्याची नाही,” मी म्हटलं. “ती माझी आहे.”

मग मी सगळं सांगितलं. आई, सैल झालेली पँट, बेल्ट, ऊन, टोपी, गॅसवरचा खिळा. ‘मी कधी दिली?’ हे मी विचारलं तेव्हा ते खोटं नव्हतं, पण ह्यांनी बेल्टला भोक पाडलं त्या सकाळपासून ते खोटं झालं, हेही सांगितलं. या वेळी कुणी वहीत काही लिहिलं नाही.

भिंगरी जागेवरून उठला. “म्हणजे मला बरोबर दिसलं होतं?”

“हो.”

“बेल्ट, मग टोपी?”

“हो रे बाळा. बेल्ट, मग टोपी.”

त्याने चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, पुन्हा घातला आणि तो हॉलमधून बाहेर निघून गेला. कुणीतरी घाईघाईने चहाची सुट्टी जाहीर केली.

तो व्हरांड्याच्या टोकाला फोनवर बोलत होता. मी लांबच उभी राहिले. बोलणं संपल्यावर त्यानेच हाताने जवळ बोलावलं.

“बाबांना फोन केला,” तो म्हणाला. “त्या मॅचनंतर वर्षभर ते माझ्याशी धड बोलले नव्हते. नोकरी बदलली, घर बदललं, तरी एकच ऐकवायचे, तुला घाई नडते. म्हटलं, बाबा, ती खूण बाईंनीच दिली होती. तर काय म्हणाले माहितीय?”

“काय?”

“म्हणाले, कुठली मॅच?”

तो हसायला लागला. हसता हसता त्याचे डोळे भरून आले, आणि माझे तर आधीच भरले होते.

“राग आलाय, बाई. खोटं कशाला सांगू.”

“येऊ दे. यायलाच पाहिजे.”

“तुम्ही एक फोन करायला हवा होतात. निवड नसती झाली तर नसती झाली. पण मी वेडा नव्हतो, एवढं तरी कळलं असतं.”

“हो,” मी म्हटलं. माझ्याकडे सबबी पुष्कळ होत्या. एकही तोंडातून काढली नाही. “चुकलं माझं.”

तेवढ्यात आमचे हे दोन कप चहा घेऊन आले. एक त्याच्या हातात दिला. “अरे, थोडं खापर माझ्याही डोक्यावर फोड. हिचं ऐकत बसलो. गुपचूप दोन टाके घातले असते, तर पँट जागेवर राहिली असती.”

भिंगरीने चहाचा घोट घेतला. मग म्हणाला, “म्हणजे काका, तुम्ही मला बोटभर कापडापायी आउट केलंत.”

“आता बघ ना,” हे कळवळून म्हणाले, आणि तिघांनाही हसू फुटलं. तेवढ्याने सगळं मिटलं असं नाही. पण चहा गार व्हायच्या आत संपला.

दुपारनंतर सगळे मैदानावर गेलो. भिंगरीला त्याचा नियम प्रत्यक्ष करून दाखवायचा होता. बाकीचे कोच मैदानात जागोजागी उभे राहिले. एक जण कॅचर झाला, एकाने बॉल घेतला. भिंगरी स्वतः दुसऱ्या बेसवर गेला. हेल्मेट काही घेतलं नाही.

“तिसऱ्या बेसला कोण उभं राहतंय?” कुणीतरी विचारलं.

“बाई,” तो तिकडूनच ओरडला.

माझे गुडघे आता कुरकुरतात. सावकाश चालत तिसऱ्या बेसजवळच्या चुन्याच्या चौकोनात जाऊन उभी राहिले. पँट यंदा नवी, ह्यांनी कमरेत नीट मापाची शिवलेली. ऊन डोळ्यांवर होतंच. मी नाक चोळलं. कान धरला. कोपर झटकलं. मग बेल्टला हात लावला, आणि त्यानंतर टोपीला.

भिंगरीने माझ्याकडे रोखून बघितलं. मग एक बोट वर केलं आणि आपल्या टकलावर दोन टिचक्या मारल्या.

सगळं मैदान माझ्याकडे बघत होतं. मी मान डोलावली. हो, मीच दिली.

तो पळाला. पळणं कसलं, पोट सावरत आला बिचारा. पूर्वीच्या भिंगरीने एवढ्यात दोन फेऱ्या मारल्या असत्या. समोरून आलेला बॉल कॅचरने झेलला, पण तो त्याच्या हातातच राहिला. कुणी त्याला फेक म्हटलं नाही.

भिंगरी तिसऱ्या बेसवर पाय रोवून उभा राहिला. धाप लागली होती, चष्म्यावर घाम आला होता. बोलायला श्वासच नव्हता. त्याने बोट वर केलं आणि पुन्हा एकदा, काही गरज नसताना, दोन टिचक्या मारल्या.

मी पुन्हा मान डोलावली.